जॉन केज ऐकायचा तर कुठून, आणि कोणाच्या रेकॉर्डिंगवर

जॉन केजचं नाव काढलं की समोरचा हमखास म्हणतो, "तोच ना, पियानोसमोर चार मिनिटं तेहतीस सेकंद नुसता बसवून ठेवणारा?" हो, तोच. पण १९१२ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला आणि १९९२ साली गेलेला हा माणूस साठेक वर्षं संगीत लिहीत होता, आणि त्यातलं बरंचसं कानाला थेट आवडण्यासारखं आहे. ते आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण बहुतेक जण चुकीच्या दाराने आत शिरतात. कोणी यूट्यूबवर ४′३३″ लावतो, हसतो आणि बंद करतो. कोणी फार अभ्यासू असेल तर नाणी उडवून लिहिलेल्या पियानोच्या रचना पहिल्याच दिवशी लावतो आणि दहाव्या मिनिटाला चहा टाकायला उठतो. मी दुसऱ्या जातीचा. त्या चहानंतर दोन वर्षं मी केजकडे फिरकलो नाही.

म्हणून ही वाट. स्वरलिपी वाचता यायची गरज नाही, पाश्चात्य संगीताचा इतिहास पाठ असण्याचीही नाही. एक अट मात्र आहे. प्रत्येक पायरीवर मी जी रचना सांगतोय ती त्याच रेकॉर्डिंगवर ऐका. केजच्या बाबतीत वादक बदलला की रचनाच बदलते. असं का होतं ते दुसऱ्या पायरीवर कळेल.

आधी थोडी तयारी

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. खिशात मावणारा ब्लूटूथ स्पीकरही नको. माझा त्याच्यावर फार जीव होता, पण केजच्या पियानोत खालच्या पट्टीत रबर अडकवलेल्या तारा असतात, त्यांचा 'धप्' असा आवाज त्यातून येतच नव्हता. महिनाभर मी अर्धी रचना ऐकत होतो. कानावर नीट बसणारे साधे वायरचे हेडफोन पुरतात.

स्ट्रीमिंग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करा: आवाज आपोआप एकसारखा करण्याची सोय, शफल, आणि अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी सुरू होणं. पहिलीमुळे हळू वाजवलेलं विनाकारण मोठं होऊ शकतं. तिसरी तर घातकच, कारण केजच्या शांततेच्या शेपटाला कुठल्यातरी 'रिलॅक्सिंग पियानो'चं शेपूट जोडलं जातं.

शोधताना फक्त रचनेचं नाव टाकू नका. केज, वादक आणि लेबल असं तिन्ही इंग्रजीत टाइप करा. नाहीतर झोप यावी म्हणून बनवलेल्या प्लेलिस्टमधले कापलेले तुकडे वर येतात.

पायरी पहिली: पियानो, साधा

'इन अ लँडस्केप' आणि 'ड्रीम'. दोन्ही १९४८ च्या, दोन्ही नृत्यासाठी लिहिलेल्या, दोन्ही आठ-दहा मिनिटांच्या आतबाहेर. रेकॉर्डिंग स्टीफन ड्रूरीचं, कॅटॅलिस्ट लेबलवरचं, १९९४ चं. अल्बमचं नावही 'इन अ लँडस्केप'च आहे.

'इन अ लँडस्केप'मध्ये वादकाने दोन्ही पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाबून ठेवायची असतात. त्यामुळे एक सूर गेला तरी त्याची सावली पुढच्या सुरावर पडत राहते. तंबोऱ्यावर कान पोसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मोजके सूर पुन्हापुन्हा येतात, कुठे पोचायची घाई नाही. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराचा केजवर केवढा जीव... म्हणजे उलट, केजचा सातीवर केवढा जीव होता, ते इथे कळतं.

त्याच अल्बमवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या पियानोसाठी लिहिलेली एक सुईट आहे, तीही १९४८ चीच. ओळीने नऊ पांढऱ्या पट्ट्या, बस्स. गंमत म्हणून ऐका, पण हसून सोडून देऊ नका. इतक्या थोड्यात केज काय काय करतो त्याकडे लक्ष गेलं, तर पुढचं सगळं सोपं जाईल.

पायरी दुसरी: पियानो, स्क्रू घातलेला

इथे थांबायचं आहे. चार रात्री तरी.

१९४० च्या सुमाराला सिअ‍ॅटलमध्ये केज नृत्यशाळेत साथीला होता. सिविला फोर्ट नावाच्या नर्तिकेला तिच्या नृत्यासाठी तालवाद्यांचं संगीत हवं होतं, पण रंगमंच इतका लहान की पियानो ठेवल्यावर दुसरं काही मावेना. मग केजने पियानोच्याच तारांमध्ये वस्तू अडकवायला सुरुवात केली: स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे. एका माणसाच्या हाताखाली अख्खा वाद्यवृंद आला. याला 'प्रिपेअर्ड पियानो' म्हणतात. ऐकताना कुठे जलतरंग आठवतो, कुठे घटम, कुठे फुटका टाळ.

हे विचित्र वाटत असेल तर आपल्याकडचं आठवा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा ठेवून, केसभर इकडेतिकडे सरकवून जवारी लावतात, तेव्हा आपण तार 'प्रिपेअर'च करत असतो. तबल्याच्या पुडीवरची शाई तरी दुसरं काय करते? केजने पोलादाच्या तारेवर बोल्ट बसवला, एवढाच फरक.

या वाद्यासाठीची त्याची सर्वांत मोठी रचना 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स', १९४६ ते १९४८ मधली. सोळा सोनाटा, चार इंटरल्यूड, मिळून साधारण सत्तर मिनिटं. पंचेचाळीस स्वरांच्या तारांमध्ये वस्तू बसवायच्या. नुसत्या तयारीलाच दोन-तीन तास जातात.

या रचनेत आपला धागा खरोखरचा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. १९४६ साली अहमदाबादच्या साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्य संगीताचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतोय याची त्यांना काळजी होती, म्हणून ते संगीत मुळातून समजून घ्यायचं होतं. केजने त्यांना शिकवलं. फी घेतली नाही, बदल्यात हिंदुस्थानी संगीत शिकवा म्हणाला. संगीत कशासाठी असतं, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत, स्थिर करावं, म्हणजे ते दैवी स्पर्शाला मोकळं होतं. केज ते जन्मभर सांगत राहिला. परत येताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचं पुस्तक भेट दिलं. याच सुमारास तो कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींचं लेखन वाचत होता, आणि नवरस तिथूनच त्याच्याकडे आले. कुमारस्वामींच्या मांडणीप्रमाणे वीर, शृंगार, हास्य, अद्भुत हे चार उजळ. भयानक, रौद्र, बीभत्स, करुण हे चार काळे. आणि या सगळ्यांचा ओढा मधल्या शांताकडे. 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' हे या नवरसांना धरूनच लिहिलं आहे.

कुठल्या सोनाटात कुठला रस, हे मात्र केजने कधी सांगितलं नाही. मी पहिल्या आठवड्यात वही घेऊन रस ओळखायला बसलो होतो. पाचव्या सोनाटापुढे 'हास्य' लिहिलं, खोडून 'अद्भुत' लिहिलं, मग वही ठेवून दिली. तुम्ही तो खटाटोप करू नका.

करायचं ते असं. रचनेची मांडणी आरशासारखी आहे: चार सोनाटा, एक इंटरल्यूड, चार सोनाटा, मग मध्यावर दोन इंटरल्यूड, चार सोनाटा, एक इंटरल्यूड, शेवटचे चार सोनाटा. एका रात्री चार सोनाटा आणि शेजारचं इंटरल्यूड, एवढंच ऐका. बहुतेक सोनाटांमध्ये पहिला भाग दोनदा येतो, मग दुसरा भाग दोनदा. हे एकदा कानाने पकडलं की भरकटल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्यांदा येताना ओळखीचा माणूस जिन्यात भेटावा तसं वाटतं. पाचव्या दिवशी सगळं सलग.

आता रेकॉर्डिंग. बाजारात डझनावारी आहेत, मी तीनच सांगतो.

पहिलं बोरिस बर्मनचं, नॅक्सॉसवर, १९९९ चं. आवाज स्वच्छ, लय ठाम, प्रत्येक तयार केलेली तार वेगळी ऐकू येते. सुरुवात इथूनच करा.

दुसरं मारो अजेमियनचं, १९५१ साली डायल लेबलवर आलेलं. रचना तिलाच अर्पण केलेली आहे. मोनो आहे, जुनं आहे, मागे खरखर आहे. पण तिच्या वाजवण्यात एक बेफिकिरी आहे, जी नंतरच्या सुशिक्षित वादकांत मला सापडत नाही. त्यांना ठाऊक असतं की आपण अभिजात कृती वाजवतोय. तिला तसलं ओझं नव्हतं.

तिसरं फिलिप वांद्रेचं, मोड लेबलवर. मघाच्या अटीचं कारण इथे आहे. तार कुठे अडवायची हे केजने तक्त्यात इंचांत लिहून ठेवलंय: डॅम्परपासून (तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीपासून) अमुक इतक्या अंतरावर बोल्ट, तमुक ठिकाणी रबर. ही मापं त्याने लहान ग्रँड पियानोवर, स्टाइनवेच्या 'ओ' मॉडेलवर घेतली. मैफिलीचा मोठा पियानो घेतला की तारा लांब होतात, पण इंच तेवढेच राहतात. म्हणजे बोल्ट तारेच्या वेगळ्याच बिंदूवर बसतो आणि भलताच आवाज निघतो. वांद्रेने मुद्दाम 'ओ' मॉडेल घेतलं.

एक प्रयोग करा. पाचवा सोनाटा तिघांचा पाठोपाठ लावा. दीड-दोन मिनिटांचा तुकडा आहे. उजव्या हाताची धून एकदा बाजूला ठेवून फक्त खालची टकटक ऐका. बोटं तीच, पट्ट्या त्याच, आणि तरी तीन वेगळी वाद्यं. हा फरक ऐकू आला की पुढच्या कुठल्याही रचनेचं रेकॉर्डिंग निवडायला तुम्हाला माझी गरज नाही.

पायरी तिसरी: पत्रे, डबे आणि शंख

'फर्स्ट कन्स्ट्रक्शन (इन मेटल)', १९३९. 'थर्ड कन्स्ट्रक्शन', १९४१. थर्ड कोस्ट पर्कशनचं रेकॉर्डिंग, मोडवर.

पहिल्यात सोळा मापांचे (माप म्हणजे पाश्चात्य 'बार', तालाचा एक छोटा खंड) सोळा गट आहेत आणि प्रत्येक गट चार-तीन-दोन-तीन-चार असा तोडलेला. तीनतालाच्या चार-चार-चार-चारशी ताडून बघा. बेरीज तीच, चालणं वेगळं. आणि गंमत म्हणजे अख्ख्या रचनेची मोठी तोडही त्याच प्रमाणात आहे. हातावर मोजत बसायची सवय असेल तर ही पायरी तुम्हाला सर्वांत जास्त आवडेल. 'थर्ड'मध्ये चार वादक पत्र्याचे डबे बडवतात आणि त्या कल्लोळात एक शंख फुंकला जातो. आरतीच्या वेळी ऐकलेला शंख आणि हा, मला तरी वेगळे करता येत नाहीत.

पायरी चौथी, घाईची

'स्ट्रिंग क्वार्टेट इन फोर पार्ट्स', १९५०, गजाने वाजवायच्या चार तंतुवाद्यांसाठी. चार भाग, चार ऋतू, आणि त्यामागे पुन्हा आपलीच कल्पना: उत्पत्ती, स्थिती, लय, विश्रांती. गज ओढताना सूर थरथरवायचा नाही, अशी सूचना आहे. आर्दित्ती क्वार्टेटचं मोडवरचं रेकॉर्डिंग घ्या. तिसरा भाग, हिवाळा, जवळजवळ हलतच नाही. कंटाळा आला तर तेवढा सोडून शेवटचा वाजवा. तो चटकदार आहे.

पायरी पाचवी: लोक ओरडताना

इथून केज बदलतो. १९५१ पासून तो कौल लावायच्या चिनी 'यी जिंग' ग्रंथाच्या चौसष्ट आकृत्या नाणी उडवून काढायला लागला आणि कुठला सूर, किती लांब, किती जोरात, हे त्यावर सोडायला लागला. आपली आवडनिवड मधून काढून टाकायची म्हणून.

ही कलाटणी रेकॉर्डिंगवर ऐकायची तर एकच कार्यक्रम आहे: न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधला १५ मे १९५८ चा, केजच्या पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा घेणारा. रेकॉर्ड-निर्माता जॉर्ज अवाकियनने तो ध्वनिमुद्रित केला आणि पुढे वेर्गो लेबलने पुन्हा काढला. (अवाकियन म्हणजे मारो अजेमियनचा मेहुणा. हा सगळा मामला तसा घरचाच होता.) पूर्वार्धात जुन्या रचना, टाळ्या. मग 'विल्यम्स मिक्स' येतं: टेपचे बारीक बारीक तुकडे कापून, चिकटवून, आठ ट्रॅकवर बसवलेले. चार-सव्वाचार मिनिटांच्या या रचनेला वर्षभर लागलं. ती संपते आणि सभागृहात दोन तट पडतात. हुर्यो आणि टाळ्या एकमेकांवर चढतात. सगळं टेपवर आहे. स्टुडिओत केलेलं कुठलंही नंतरचं रेकॉर्डिंग याच्या जवळपास येत नाही, कारण त्यात ते सभागृह नाही.

याच पायरीवर 'इनडिटर्मिनसी' ऐका, फोकवेज लेबलवरचं, १९५९ चं. केज नव्वद गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्टीला बरोबर एक मिनिट. छोटी असेल तर रेंगाळत, लांब असेल तर धापा टाकत. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर तेव्हा दुसऱ्या खोलीत पियानो आणि टेप वाजवतोय, दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाहीये. अळिंबी, झेन गुरू, मावश्या, असं कशावरही बोलणं चालू असतं. इंग्रजी समजत असेल तर केज माणूस म्हणून आवडायला याहून सोपा रस्ता नाही. मी भांडी घासताना लावतो.

आणि ती नाण्यांची रचना, जिच्यापायी मी चहाला उठलो होतो? 'म्युझिक ऑफ चेंजेस', १९५१, पाऊण तासाच्या आसपास. आता ऐका, पण पहिला भागच. वेर्गोवरचं हर्बर्ट हेंकचं रेकॉर्डिंग चांगलं आहे. सुरांच्या मागे न धावता शांततेच्या लांबीकडे लक्ष द्या, कारण केजने केलेल्या तक्त्यांत निम्म्या घरांत सूर होते आणि निम्मी रिकामी होती. नाणं रिकाम्या घरावर पडलं की शांतता.

पायरी सहावी: आता ४′३३″

रेकॉर्डिंग विकत घेऊ नका. निघालेली आहेत, पण दुसऱ्याच्या खोलीतली शांतता ऐकून काय मिळणार?

२९ ऑगस्ट १९५२ ला वूडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात ट्यूडरने ही पहिल्यांदा सादर केली, तेव्हा तिचे तीन भाग होते, नंतर छापलेल्या प्रतीनुसार असे: ३३ सेकंद, २ मिनिटं ४० सेकंद, १ मिनिट २० सेकंद. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्याने पियानोचं झाकण लावलं आणि शेवटी उघडलं. तुम्ही फोनवर तीन टायमर लावा, पुस्तक मिटा-उघडा. तीन भाग पाळणं महत्त्वाचं. सलग बसलात तर ते ध्यान होतं. मध्ये तोडलं की दुसऱ्या भागाचा आवाज पहिल्यापेक्षा वेगळा आहे हे जाणवतं. माझ्याकडे दुसऱ्या भागात शेजारच्यांची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली आणि तिसऱ्यात कोणीतरी खालून मोटर बंद कर म्हणून ओरडलं. तिन्ही भाग नीट जमलेला तो एकच प्रयोग.

पायरी सातवी: म्हातारा केज

'चीप इमिटेशन', १९६९. नर्तक मर्स कनिंगहॅमच्या नृत्यासाठी सातीची एक रचना वापरायची होती, परवानगी मिळेना. केजने लय तशीच ठेवली, सूर 'यी जिंग' विचारून बदलले, आणि नाव दिलं 'स्वस्तातली नक्कल'. क्रॅम्प्स लेबलसाठी १९७६ साली त्याने ती स्वतः वाजवली आहे. तोवर संधिवाताने त्याची बोटं आखडली होती. एकेरी सुरांची ओळ, चाचपडत जाणारी. तंत्र म्हणून याहून सफाईदार रेकॉर्डिंग मिळतील. मी हेच लावतो.

आणि शेवटच्या पाच-सहा वर्षांतल्या आकड्यांच्या रचना. शीर्षक म्हणजे नुसता वादकांचा आकडा. चार वादकांसाठीची दुसरी रचना असेल तर चारच्या डोक्यावर बारीक दोन. वादकाच्या कागदावर मोजके सूर असतात आणि घड्याळाच्या वेळा: हा सूर शून्य ते पंचेचाळीस सेकंदांत कधीही सुरू कर, तीस सेकंद ते सव्वा मिनिटात कधीही थांबव. निर्देशक नाही. सूर एकमेकांवर येतात, सुटतात. विलंबित ख्यालाची सवय असलेल्यांना यात काहीच अवघड नाही. दचकतात ते तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेले. अपार्टमेंट हाउस या गटाचा चार सीडींचा संच, अनदर टिंबर लेबलवर, २०२१ चा, हा घ्याच. पाच ते चौदा वादकांसाठीच्या रचना त्यात आहेत. 'फोर्टीन' आधी लावा: त्यात पियानोच्या तारा सारंगीसारख्या घासून वाजवल्या आहेत, आणि बाकीचे तेरा जण त्या सुराभोवती येतात-जातात. आवाज कमी ठेवा, खिडकी उघडी राहू द्या.

जे मी अजून सांगत नाही

व्हायोलिनसाठीची 'फ्रीमन एट्यूड्स'. ताऱ्यांच्या नकाशांवरून सूर काढलेल्या या बत्तीस रचना. अर्ध्यावर आल्यावर केजला वाटलं की हे वाजवणं माणसाला शक्य नाही, म्हणून १९८० मध्ये त्याने काम सोडलं. पुढे अर्विन आर्दित्तीने ते वाजवून दाखवलं, आणि १९९० पर्यंत केजने उरलेलं पूर्ण केलं. आर्दित्तीचंच रेकॉर्डिंग मोडवर आहे. माझ्याकडे दोन्ही सीडी आहेत. दुसरीचं प्लास्टिक अजून फोडलेलं नाही.